तांब्याभर पाणी घेऊन नगरला

नगरला शास्त्राची व्याख्याने ऐकायला जायचे, असे मी घरी जाहीर केले तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "तितं जेवाय घालत्यात का?" घालत नाहीत म्हटल्यावर तिचा उत्साह निम्म्यावर आला. मग मी हस्तपत्रक मोठ्याने वाचले आणि तो दुप्पट झाला.

हे हस्तपत्रक मिरजगावच्या आमच्या शाळेत टपालाने आले होते. नाताळच्या सुट्टीत दोन दिवस मिशनच्या एका शाळेच्या हॉलमध्ये व्याख्याने आणि प्रयोग, प्रवेश सर्वांस मोफत, बायकामुलांची बसण्याची सोय. खाली जाड अक्षरांत लिहिले होते की येताना आपल्या गावचे पिण्याचे पाणी आणावे, ते सूक्ष्मदर्शक यंत्रातून दाखवले जाईल.

"मंग आपलंच पैलं येनार," आई म्हणाली. तिला ते कुस्त्यांच्या फडासारखे काहीतरी वाटले असावे.

आमच्या गावाला बारव आहे, म्हणजे थेट पाण्यापर्यंत पायऱ्या उतरत गेलेली विहीर. आई लग्न होऊन आली तेव्हापासून, चाळीस वर्षे, रोज त्या पायऱ्या उतरते आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून घागर बुडवते. त्या पाण्याला नाव ठेवलेले तिला खपत नाही. आणि माझे दुखणे नेमके तिथेच होते. त्याआधीच्या उन्हाळ्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला, कुसुमला, नारू झाला. घोट्याजवळ फोड आला, फुटला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा लांब जंत डोकावू लागला. तो काडीवर गुंडाळत रोज बोटभर ओढायचा, तुटू द्यायचा नाही. पाच आठवडे पोर अंथरुणाला खिळली होती. घोटा अजून ताठच आहे.

नारू पिण्याच्या पाण्यातून होतो आणि पाणी गाळले तर टळतो, हे मी पुस्तकात वाचले होते. आईला सांगितलेही. "अंगातली उष्णता हाय ती," ती म्हणाली. "बारवाचं पानी गाळायचं? ते काय वढ्याचं हाय?" आमच्या घरात माठाचा कोनाडा आईच्या ताब्यात आहे आणि तिथे माझी मास्तरकी चालत नाही. म्हणून मी मनाशी ठरवले की माझ्याने होत नाही ते त्या यंत्राने करावे. नाहीतर कुसुम तेच पाणी पीत राहणार आणि मी बघत बसणार.

पत्नीला तान्ह्या मुलामुळे येता आले नाही. आई, कुसुम आणि मी असे तिघे निघालो. आईच्या मांडीवर पाण्याचा तांब्या, तोंडाला फडके घट्ट बांधलेले.

लढाई संपून तेव्हा चार महिने झाले होते, पेट्रोल काही सुटले नव्हते आणि अजूनही नाही, त्यामुळे आमच्या रस्त्यावरची सर्व्हिस मोटर कोळशाच्या गॅसवरच धावते. धावते हा शब्द मी प्रेमाने वापरला. मोटरीच्या मागे उभी भट्टी असते. निघण्याआधी क्लीनर तिचा पंखा अर्धा तास फिरवतो आणि गॅस धरला की सगळ्यांनी पटापट चढायचे. भाडे माणशी सव्वा रुपया, मुलांना अर्धे. कोणाला जायचे असेल तर सांगतो, मागच्या बाकावर बसू नका आणि पांढरे धोतर नेसू नका. मी दोन्ही केले. रुईछत्तिशीच्या अलीकडे चढाला गाडीने मान टाकली तेव्हा ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "मास्तर, उतरा जरा. आजीबाईला ऱ्हाऊ द्या."

"मला का ऱ्हाऊ द्या?" आई म्हणाली.

"तुमच्या मांडीवर देव हाय न्हवं?"

"देव न्हाई, पानी हाय. परीक्षेला चाललंय."

ड्रायव्हर पुढचे मैलभर हसत होता. आम्ही ढकलणारे मात्र नगरला पोचेपर्यंत काळेठिक्कर झालो होतो.

उतरलो ते माळीवाड्याजवळच्या धर्मशाळेत. जागा स्वच्छ आहे, अंथरूण आपले न्यावे. भाकरी आणि ठेचा बरोबर होताच. नगरात लष्कराच्या लॉऱ्यांची वर्दळ अजून आहे. कँपाच्या बाजूला एका बेकरीत खारी बिस्किटे मिळतात, ती आणाशेराने... छे, भाव विसरलो, पण कुसुमने एकटीने आठ खाल्ली एवढे नक्की.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलवर गेलो तर व्हरांड्यात एका लांब टेबलावर गावोगावची पाणी मांडलेली. तांबे, बरण्या, औषधाच्या बाटल्या, एक तर दाणे काढलेल्या कणसाच्या बुरकुंडाने बूच मारलेली. प्रत्येकापुढे गावाच्या नावाची चिठ्ठी आणि मागे त्या गावचा माणूस राखणीला उभा. देवळाली प्रवराचे एक ऊसवाले शेतकरी पितळी किटलीतून पाटाचे पाणी घेऊन आले होते.

"आमच्या पान्यावर ऊस बघा कसा हुतो," ते म्हणाले.

"उसाला गोड लागत आसंल," आई म्हणाली. "मानसाचं काय?"

हे सगळे मांडले होते साळवेबाईंनी. त्याच शाळेत त्या शास्त्र शिकवतात. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, आवाज मात्र हॉलच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. सकाळी त्यांनी काचेच्या हंडीतली हवा पंपाने काढून घेतली आणि आत वाजणारी घंटा हळूहळू मुकी करून दाखवली. मग विजेचे चाक फिरवून तीस माणसांना हात धरून उभे केले आणि एकदम झिणझिण्या आणल्या. एक रावसाहेब पगडीसकट उडाले. पडदे ओढून जादूच्या दिव्याने भिंतीवर चंद्र दाखवला तेव्हा कुसुम माझा हात सोडून पुढे जाऊन बसली.

पण मला सगळ्यात आवडले ते वेगळेच. बाई प्रत्येकाला विचारत, "काय दिसलं?" आणि थांबत. खरोखर थांबत. म्हातारी असो की पोर, उत्तर येईपर्यंत पुढे जात नसत. मी बारा वर्षे मास्तरकी करतो आहे. प्रश्न मीही विचारतो, पण उत्तरही लगेच मीच देतो. तिथे उभा राहून मला स्वतःची लाज वाटली, हे कबूल करतो.

दुपारी पाण्यांची पाळी आली. सूक्ष्मदर्शक यंत्र मीही आयुष्यात प्रथमच पाहत होतो. पुस्तकातले त्याचे चित्र मात्र दरवर्षी फळ्यावर काढतो. देवळालीच्या थेंबात काहीबाही वळवळत होते. शेतकऱ्यांनी पाहिले आणि किटली हळूच टेबलाखाली ठेवली. मग आमचे पाणी. बाईंनी थेंब घेतला, पाहिला. दुसरा घेतला. तिसरा.

"स्वच्छ आहे हो, आजी. यात काही नाही."

आईने माझ्याकडे असे पाहिले की काय सांगू. "आइकलं का, मास्तर?" ती म्हणाली. मला ती मास्तर म्हणते ते फक्त मी हरलो की. कुसुम एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. सव्वा रुपया भाडे देऊन, मोटर ढकलून मी आईच्याच बाजूचा साक्षीदार गाठला होता. आता ती जन्मात पाणी गाळणार नव्हती. मला अगदी रडू यायचे बाकी राहिले.

बाई मात्र चिठ्ठी पुन्हा वाचत होत्या. "मिरजगाव. तुमची पायऱ्यांची विहीर ना, आजी? लोक पाण्यात उतरतात?"

"व्हय, समदेच उतरत्यात."

"मग पाणी इतकं निवळ कसं?"

"गाळून आनलंय न्हवं का."

"रोज गाळता?"

"रोज कशाला? परगावी न्यायचं म्हनून पाटंला गाळलं. गावाची अब्रू हाय. चार मानसांत कचऱ्याचं पानी घिऊन जायचं व्हय?"

हॉलभर हशा पिकला. मीही हसलो, आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साळवेबाई हसल्या नव्हत्या. त्यांनी विचारले, "ज्यातून गाळलंत ते फडकं कुठं आहे?"

"ह्ये काय, तोंडालाच बांधलं हुतं." जुन्या लुगड्याचा दुपदरी तुकडा. तांब्या वाटभर आणि सकाळी पुन्हा हॉलपर्यंत हिंदकळत आल्यामुळे अजून ओलाच होता.

बाईंनी उकळून गार केलेले पाणी बशीत घेतले, फडके उलटे करून त्यात खळबळले आणि त्यातला थेंब काचेवर घातला. स्वतः पाहिले, मग आईला पुढे बोलावले. एक डोळा मिटायचे आईला जमेना, तेव्हा कुसुमने तो हाताने झाकला.

"काय दिसलं, आजी?"

बाई थांबल्या. सगळा हॉल थांबला.

"किडा हाय," आई म्हणाली. "एकच डोळा हाय त्याला. मागं दोन पिशव्या लोंबत्यात. आन् हलतोय." मग बऱ्याच वेळाने, "ह्यो आमच्या बारवातला न्हाई." आणि आणखी थोड्या वेळाने, अगदी हळू, "पन फडकं तर माझंच हाय."

बाईंनी तिला टेबलापाशीच उभे करून घेतले आणि सर्वांना सांगितले की नारूवाला माणूस पाण्यात उतरला की नारू आपली पिले पाण्यात सोडतो, ही पाण्यातली पिसू ती खाते, आपण पिसू पितो आणि वर्षभराने आपल्या पायातून नारू निघतो. "सकाळपासून मी जे सांगणार होते ते या आजी घरूनच करून आल्या आहेत," त्या म्हणाल्या. "दुपदरी फडकं. एवढंच लागतं."

कुसुमने विचारले, "मला परत होईल का?"

मला वाटले बाई नाही म्हणतील. पण त्या तिच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आजपर्यंत जे पाणी प्यालीस त्याचं मला सांगता येणार नाही, बाळ. वर्ष जाऊ द्यावं लागेल. उद्यापासूनचं मात्र तुमच्या हातात आहे." लहान मुलाशी इतके खरे बोलणारे माणूस मी फार पाहिलेले नाही.

निघताना बाईंनी आईपुढे पाण्याचा पेला धरला. आमच्या घरी मिशनवाल्यांच्या हातचे पाणी चालत नाही. आईने पेल्याकडे पाहिले, घेतला आणि सगळा प्याली.

परतीच्या मोटरीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. कुसुम माझ्या खांद्यावर झोपली होती. बरेच अंतर गेल्यावर आई म्हणाली, "पोरीला पानी मीच पाजत हुते रं. रोज. माझ्या हातानं." यंत्राने माझे काम केले होते आणि मला त्याचा मुळीच आनंद होत नव्हता.

असे मेळे आता पुष्कळ ठिकाणी भरतात म्हणे. तुमच्या जवळपास भरला तर घरच्या मोठ्या माणसांना घेऊन जरूर जा. मुले तर शिकतातच. परत आल्यावर मी शाळेत प्रश्न विचारून थांबायला शिकलो, अजून अधूनमधून विसरतो. आमच्या माठाला त्या दिवसापासून दुपदरी फडके आहे. आणि रोज सकाळी आई कुसुमचे पाय हातात घेऊन घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बोटांनी चाचपायची.

उन्हाळा आला. कुसुमला काही झाले नाही. नारू निघाला आईच्या पोटरीत. त्याचा ठणका फार असतो, पाण्यात पाय घातला की बरे वाटते, आणि नारूवाले सगळे तेच करतात. शेजारच्या सखूबाई तिला बारवेच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेली पाहून म्हणाल्या, "फडकं बांधून काय उपेग झाला गं? तुलाच निघाला की! चल खाली, पान्यात पाय सोडून बस जरा."

"ह्यो मागल्या सालच्या पान्याचा हाय," आई म्हणाली. "आता पान्यात पाय घातला तर पुढल्या साली तुझ्या नातवाला निघंल. म्हनून हितं बसलेय. जा, तू भरून आन माझी घागर."