भुवयांचा होकार

मारीबिकला एका जागी बसून बोलता येत नसे. पहिल्या दिवशी मी तिला खुर्ची दिली, समोर मी बसले आणि म्हटलं, "चल, स्वतःबद्दल सांग." तर ती उठली, कोपऱ्यातलं फडकं उचललं आणि माझ्या खिडकीच्या काचपट्ट्या पुसत पुसत सांगायला लागली.

"अगं, मी तुला मुलाखतीची तयारी करायला बोलावलंय की साफसफाईला?"

"सॉरी, मॅम," ती म्हणाली आणि उरलेल्या दोन पट्ट्या पुसून मगच बसली. बसली म्हणजे खुर्चीच्या काठावर, आत्ता कुणी हाक मारील अशी.

मी एकतीस वर्षं इथे, फिलिपाइन्समधल्या इलोइलो शहरात, जारो भागातल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवलं. अजून सगळे मला मॅम देल्माच म्हणतात. निवृत्त झाले त्याच सुमारास शहरात कॉल सेंटरं उगवली आणि जुने विद्यार्थी पुन्हा माझ्या दारात आले. या कामाची आम्हा इलोंगो लोकांना मुळातच देणगी आहे. आम्ही भांडायला लागलो तरी परक्याला वाटतं, बाळाला झोपवताहेत. हा आवाज कानावर पडला की चिडलेल्या गिऱ्हाइकाचा अर्धा राग तिथेच उतरतो. उरलेला अर्धा उतरवायला बरं इंग्रजी लागतं, ते मी देते. फी घेत नाही. कुणी केळीच्या पानातला चिकट भात आणतं, कुणी सुकी मासळी. शिव्या मात्र सगळ्यांना सारख्या मिळतात.

मारीबिक माझ्या वर्गात कधी नव्हती. ती मूळची मियागाव नावाच्या गावची, कोळ्याची मुलगी; तिची आई आता इथेच, जवळच्या गल्लीत राहते. नवरा मिंदानाव बेटावर कामाला गेला आणि तिकडचाच होऊन बसला. मुलगी अकरा महिन्यांची असताना मारीबिक तिला आपल्या आईच्या मांडीवर ठेवून आखातात गेली, घरकामाला. सात वर्षं एकाच घरात. त्या घरातली तीन मुलं तिने मोठी केली. स्वतःची मुलगी फोनच्या पडद्यावर मोठी झाली.

या खेपेला दोन महिन्यांच्या रजेवर आली, तर विमानतळावर आठ वर्षांची ज्युवेल आजीच्या झग्यामागे लपली. आजीने ढकलल्यावर पुढे आली, मोठ्यांना करतात तसा नमस्कार म्हणून वाकून तिचा हात आपल्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "मावशी."

आमच्याकडे कुठल्याही बाईला मावशीच म्हणतात. मासळीवालीलाही.

"लहान आहे, सवय होईल," मी म्हटलं.

"कधी, मॅम? एकवीस तारखेचं विमान आहे."

तर घोडं इथे अडलं होतं. तिथल्या मालकिणीने पुढच्या दोन वर्षांसाठी तिला परत बोलावलं होतं, एजन्सीने तिकीटही काढलं होतं. सतरा तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत हो किंवा नाही कळवायचं, नाहीतर दुसरी बाई पाठवणार. आणि त्याच सतरा तारखेला, सकाळी दहाला, एका कॉल सेंटरची फोनवर मुलाखत. ती नोकरी लागली तर मारीबिक इथेच राहणार. नाही लागली तर जाणार, कारण घरात तीन तोंडं आणि कमावणारे हात दोनच. ज्युवेल पुढच्या वेळी भेटेल ती दहा वर्षांची.

"एक्केचाळिशीच्या बाईला घेतील का हो?"

"फोनवर सुरकुत्या दिसत नाहीत. सरळ बस."

इंग्रजी तिचं वाईट नव्हतं. घोटाळा सापडला चौथ्या दिवशी. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले, तिला बाहेरच्या खोलीत ठेवलं, म्हणजे खऱ्यासारखं होईल. विचारलं, "तुम्हाला लोकांशी बोलण्याचा अनुभव आहे का?"

शांतता.

"ऐकू येतंय का?"

पुन्हा शांतता. बाहेर येऊन बघते तर बाई फोन कानाला लावून उभी, आणि भुवया पार केसांपर्यंत गेलेल्या.

"काय झालं?"

"हो म्हणाले की, मॅम! दोनदा!"

आता यात तिचा एकटीचा काय दोष! आम्ही होकारासाठी तोंड कशाला उघडू? दुकानात विचारा, अंडी आहेत का, भुवया उडतात. जीपवाल्याला विचारा, मोलोला जाते का, भुवया उडतात. मीही तेच करते. पण पलीकडे बसलेल्या माणसाला भुवया ऐकू येत नाहीत, आणि कॉल सेंटरात दोन सेकंदांची शांतता म्हणजे मेलेलं गिऱ्हाईक. माझ्या दोन हुशार पोरी याच पायी नापास झाल्या होत्या.

मारीबिकची सवय तर हाडात मुरलेली. "सात वर्षं, मॅम, त्या घरात माझा आवाज कुणाला हवा होता? मालकीण बघायची, मी भुवया उडवायचे, काम व्हायचं. कधी कधी रात्री न्हाणीघरात मी स्वतःशीच बोलायचे, आवाज आहे का बघायला."

मला वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी जास्तच ओरडते. "आता इथे बोल! पुन्हा, पहिल्यापासून!"

पाचव्या दिवशी मी पाठदुखीवरची चिकटपट्टी तिच्या दोन्ही भुवयांवर आडवी लावली. भुवई वर गेली की कातडी ओढली जाईल आणि लक्षात येईल, हा माझा हिशेब. झालं काय, तर औषधाने तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ती तशीच रडत रडत म्हणतेय, "आपली काय सेवा करू, सर?"

नेमकी तेव्हाच ज्युवेल दारात उभी. आजीला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून पोर शाळेतून थेट माझ्याकडे आलेली. तिने ते कपाळ पाहिलं आणि हसत सुटली. दप्तर खाली पडलं तरी हसतेय. मारीबिक नुसती बघत राहिली. रजेवर आल्यापासून पोर तिच्यासमोर हसलीच नव्हती.

मी पट्टी फाडून काढली आणि ज्युवेलच्या हातात एक डाव आणि पातेल्याचं झाकण दिलं. "इकडे बस. हिच्या भुवया हलल्या आणि तोंड हललं नाही, की वाजव."

असली नोकरी कुठल्या पोराला नको असेल! ठण्ण. "मावशी, हलल्या!" ठण्ण. "मावशी, परत! किती वेळा सांगायचं तुला?" कंबरेवर हात, अगदी माझा अवतार. रोज शाळा सुटली की पळत यायची. मारीबिक हसायची, कान धरायची, पुन्हा सुरुवात करायची. पण प्रत्येक ठणकाऱ्यामागून "मावशी" यायचं, आणि दिवसातून एकदा तरी ती पाणी प्यायचं निमित्त करून आत जायची आणि माझं घासलेलं पातेलं पुन्हा घासायची. मी तिच्यामागे आत जात नसे. आठवड्याभरात दिवसाचे पन्नास ठणकारे पाचांवर आले.

एक उत्तर मात्र मी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. परदेशातली नोकरी का सोडता, असं विचारलं तर म्हणायचं, मला माझ्या कारकिर्दीत प्रगती करायची आहे. घरची रडगाणी गायची नाहीत. साहेबांना रडगाणी आवडत नाहीत.

सतरा तारखेला शनिवार होता. दहाच्या मुलाखतीला ती सातला आली. इस्त्रीचा ब्लाउज, आणि पायात पॉलिश केलेले बूट, घरात.

"फोनवर बूट दिसतात होय गं?"

"मला दिसतात ना, मॅम."

माझे हात तरी कुठे जागेवर होते! शेजाऱ्याला बजावून आले की अकरापर्यंत गाण्याचं यंत्र लावशील तर याद राख, आणि त्या कोंबड्यावर टोपलं घाल. त्याने बिचाऱ्याने घातलं. दहा वाजले, फोन नाही. दहा वाजून पाच, नाही. मारीबिक टेबल पुसत होती. ज्युवेल डाव आणि झाकण घेऊन मोढ्यावर बसली होती. मी तिला म्हटलं, "आज वाजवायचं नाही हं, इंदाय, बाळ, आज खरं आहे." तिने भुवया उडवल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दहा वाजून बारा मिनिटांनी फोन आला. मनिलाचा कुणी रोमेल नावाचा माणूस. मारीबिकने फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला आणि फडकं घट्ट धरलं. स्वतःबद्दलचं उत्तर छान गेलं. मग तो म्हणाला, "समजा मी गिऱ्हाईक आहे. मुलीच्या वाढदिवसाला मागवलेलं पार्सल आलं नाही. मी प्रचंड चिडलोय. बोला."

मारीबिकने शिकवल्याप्रमाणे माफी मागितली, नंबर विचारला. मग शिकवलं नव्हतं ते विचारलं. "वाढदिवस कधी आहे, सर?"

"काल होता!"

"मग मी तुम्हाला काळजी करू नका म्हणणार नाही, सर. मी घरी पाठवलेला एक खोकाही असाच नऊ आठवडे उशिरा पोचला होता. त्यात फ्रॉक होता. तोवर पोरीला तो होईना. पार्सल आत्ता कुठे आहे ते बघून सांगते, आणि पाच वाजता मी स्वतः फोन करते. मुलीला सांगा, निघालंय."

मी ज्युवेलकडे पाहिलं. ती आईकडे बघत होती.

"बरं," रोमेल म्हणाला. "रात्रपाळी असेल. सणालाही यावं लागेल. जमेल?"

आणि बाईच्या भुवया उडाल्या. नुसत्या भुवया.

ठण्ण!

कोंबडाही टोपल्याखालून ओरडला. "हॅलो? कसला आवाज हा?" फोनमधून आलं. मी हातवारे करत होते, सांग, भांडं पडलं, भांडं पडलं म्हण! मारीबिकने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पोरीकडे.

"सर, मी भुवयांनी हो म्हणाले. तसं केलं की झाकण वाजवायला माझ्या मुलीला बसवलंय. जमेल, सर. तोंडाने सांगते, जमेल."

रोमेल हसायला लागला. खोटं नाही, खुर्ची करकरल्याचं ऐकू आलं. "मी नवा होतो तेव्हा इथे माझ्यासमोर तर आरसा लावला होता, दोन महिने!" तो इंग्रजी सोडून आपल्या भाषेत म्हणाला. मग घसा खाकरून पुन्हा इंग्रजीत आला. "शेवटचा प्रश्न. परदेशातली नोकरी का सोडताय?"

प्रगती, मी ओठांनी म्हटलं. कारकीर्द. प्रगती.

"त्या झाकणवालीसाठी, सर," मारीबिक म्हणाली. "तिला मी नीट माहीत नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळपर्यंत मेसेज येईल, असं सांगून त्याने फोन ठेवला.

तो दिवस कसा गेला ते विचारू नका. दुपारी कुणी धड जेवलं नाही. मारीबिकने माझ्या सगळ्या खिडक्या पुसल्या, मग दाराची कडी पुसली. मी तिच्यावर तोंड सोडलं, मग स्वतःवर, मग शेजाऱ्यावर, कारण त्याने गाणं सुरू केलं होतं. पावणेपाचला फोन वाजला आणि आम्ही दोघी धावलो.

एजन्सीची बाई होती. "मारीबिक, एकवीसचं पक्कं ना? मला आत्ता नाव द्यायचंय."

रोमेलचा मेसेज आला सव्वासहाला, आणि चांगला आला, सोमवारपासून प्रशिक्षण. पण पावणेपाचला हे कुणाला ठाऊक होतं? तेव्हा हातात होतं ते फक्त तिकीट.

"पंधरा मिनिटं माग," मी पुटपुटले. "बघते म्हण, विचार करते म्हण!" तोंडावर नाही म्हणायची आमच्यात रीतच नाही. बघू म्हणायचं, आणि समोरच्याने काय ते समजून घ्यायचं.

ज्युवेल झाकण हातात घेऊन आईसमोर येऊन उभी राहिली होती. तिच्या कपाळाकडे टक लावून बघत होती. मीही बघत होते. भुवया हलल्या नाहीत.

"नाही," मारीबिक म्हणाली. "मी येत नाही." आणि फोन ठेवला.

"वेडी आहेस का तू?" मी ओरडले. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतेस? उद्या खाणार काय तुम्ही?" आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. ती ऐकत नव्हती. हातातलं फडकं खाली पडलं होतं आणि तिने ते उचललं नव्हतं.

ज्युवेलने तिचा ब्लाउज ओढला. "म्हणजे विमानात नाही जायचं?"

"नाही."

"इथेच राहणार? आमच्याकडे?"

मारीबिकने नुसत्या भुवया उडवल्या.

ठण्ण!

"असं नाही, आई," ज्युवेल ओरडली. "तोंडाने सांग!"