दाजींची जीप आणि माझे एकवीस किलोमीटर

आमच्या औशात ओळखीच्या माणसाला रस्त्यानं पायी जाऊ देत नाहीत. मागून येणारी गाडी थांबतेच. "बसा की सर!" म्हणत माणूस पेट्रोलच्या टाकीवर सरकतो आणि मागं जागा करून देतो. आपल्याला जायचंय कुठं, हा प्रश्न बसल्यानंतर निघतो. अशा गावात राहून मी (वय चव्वेचाळीस, वजन शहाऐंशी, विषय गणित) मुंबईची मॅरेथॉन पळायचं ठरवलं.

कारण झाला एक व्हिडिओ. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं मोबाइलवर दाखवला. पहाटेचा समुद्र, लांबलचक पूल आणि त्यावर पळणारी हजारो माणसं. मागं कुत्रं लागलेलं नाही, पुढं बस सुटत नाही, आणि तरी पळतायत! त्यात पांढऱ्या केसांची एक आजी होती. ती तर पळता पळता हसत होती. मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. इतका भारावून मी आयुष्यात एकदाच गेलो होतो, लातूरला पहिल्यांदा सरकता जिना पाहिला तेव्हा. (त्यावर चढलो मात्र नव्हतो.) मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते असं कळल्यावर मनातला आदर तसाच ठेवून मी अर्धीचा, म्हणजे एकवीसचा, फॉर्म भरला.

घरी सांगितलं. माझी बायको सुरेखा म्हणाली, "आधी गच्चीवरची टाकी धुवायला जिना तर चढा." नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेपरचं पान उलटलं. नाना निवृत्त तलाठी. चव्वेचाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल चांगला शब्द निघालेला नाही. दहावीला गणितात पैकीच्या पैकी पडले, तेव्हा म्हणाले होते, "इंग्रजीत कामून कमी हाय?" म्हटलं, मुंबईत एकवीस किलोमीटर पळून दाखवू, मग बघू काय म्हणतात.

पहिल्या दिवशी लाल टी-शर्ट घालून पहाटे लातूर रस्त्याला लागलो. दोनशे मीटरवर दूधवाले किसनराव थांबले.

"सर, काय झालं? घरी सगळं बरं हाय ना?"

"बरं आहे. पळतोय."

"ते दिसून राहिलंय की. पण कशापायी? बसा, सोडतो!"

"कुठं सोडता? मला कुठं जायचंच नाही!"

किसनरावांनी माझ्याकडं असं पाहिलं की मलाच माझी काळजी वाटली. त्यांनी गाडी वळवली, थेट आमच्या घरी गेले आणि सुरेखाला सांगितलं, "वहिनी, सर पळून चाललेत!" सुरेखा म्हणाली, "कुठवर गेलेत?"

त्या आठवड्यात मला सात मोटारसायकली, एक ट्रॅक्टर आणि नवरीकडचं सामान नेणारा एक टेम्पो एवढ्यांना नाही म्हणावं लागलं. प्रत्येकाला वाईट वाटायचं. ट्रॅक्टरवाला तर अर्धा किलोमीटर माझ्या वेगानं शेजारून चालवत मनधरणी करत होता! आता हसू येतं, पण तेव्हाही मनातून थक्क व्हायचो. जगात कुठं एवढी माणसं, कोणाचे पाय दुखू नयेत म्हणून थांबत असतील?

या सगळ्यांना नाही म्हणता येतं. दाजींना येत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बालाजीराव. औसा ते लातूर काळी-पिवळी जीप चालवतात. जीपसारखंच मन, कितीही माणसं आली तरी जागा होतेच. दोष एकच, मानाचे फार पक्के. माझ्या लग्नात त्यांना फेटा दुसऱ्या नंबरला बांधला गेला, तर अकरा महिने त्यांनी आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. अक्का माहेरी यायची ती डोळे पुसतच. तेव्हापासून नानांनी घरात एकच कायदा केला, दाजींना नाही म्हणायचं नाही.

चार महिने सराव झाला आणि परीक्षेचा रविवार आला. औशातल्या आमच्या दारापासून लातूरच्या बसस्थानकापर्यंत आणि पुढं जरासं, बरोबर एकवीस किलोमीटर. हे जमलं तरच मुंबई. हातात नवं घड्याळ होतं, ते पळालेलं अंतर मोजून परस्पर मोबाइलला कळवायचं.

अकरा किलोमीटर झाले. तुरीच्या शेतावर ऊन पसरत होतं आणि माझे पाय, हे माझेच पाय, न थांबता चालले होते! मला त्यांचा एवढा आदर वाटला की खाली वाकून पाहत पाहत पळत होतो. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. तो हॉर्न मी झोपेतही ओळखतो.

"पाव्हणं! बसा!"

"दाजी, आज नको. आज परीक्षा आहे!"

"मग उशीर झाला असंल, बसा लवकर!"

"तसं नाही. मला पळतच जायचंय."

दाजींनी जीप माझ्यापुढं आडवी घातली. आत चौदा माणसं श्वास रोखून बसली होती. दाजी हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, सख्खा मेव्हणा रस्त्यानं पळून राहिला आन म्या रिकामी गाडी घेऊन जाऊ? लोक काय म्हणतील मला? का माझ्या गाडीत बसायची तुम्हाला लाज वाटून राहिली?"

(रिकामी म्हणजे चौदा माणसं! पण त्यांचा आवाज कापत होता हो.)

डोळ्यांपुढं फेटा आला, अकरा महिने आले, अक्काचा पदर आला. मी बसलो. पुढच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्या माझ्यासाठी मागं गेल्या. आठ किलोमीटर मी दाजींच्या शेजारी मानानं बसून गेलो आणि लातूरला उतरल्यावर अपराधी वाटलं म्हणून आणखी दोन किलोमीटर पळलो. या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. जीपमध्ये बसताना घड्याळ बंद करायची.

बसनं घरी पोहोचेपर्यंत कारभार उरकला होता. घड्याळानं मोबाइलला कळवलं, मोबाइलनं सुरेखाला कळवलं आणि सुरेखानं कौतुकानं घरच्या ग्रुपवर टाकलं. 'एकवीस किलोमीटर पूर्ण! सर्वांत वेगवान किलोमीटर: एक मिनिट दोन सेकंद!' इतक्या वेगानं पळणारा दोन पायांचा प्राणी म्हणजे शहामृग! पण ग्रुपवर अंगठे आणि फुलं यांचा पाऊस पडत होता.

खरं सांगायला म्हणून मी नानांच्या खोलीत गेलो. नानांनी चष्मा वर करून मोबाइल पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं.

"दाजी भेटले होते म्हणं वाटंत?"

"हो... भेटले होते."

"बरं केलंस," नाना म्हणाले.

चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा! तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

दाजींचा समज निराळाच झाला. आपल्या जीपमधून लातूरला उतरल्यावर पाव्हणं तिथं वेगळे एकवीस किलोमीटर पळाले, असं त्यांनी धरलं आणि औशाच्या जीप स्टँडवर सत्काराचा घाट घातला. फ्लेक्सवर माझ्या लग्नातलं फेट्याचं डोकं आणि खाली कुणातरी परदेशी पहिलवानाच्या मांड्या! 'एका मिनिटात किलोमीटर! औशाची शान!' पहिल्या रांगेत खुर्चीवर इस्त्रीचं धोतर नेसून नाना. शाल अंगावर, नारळ हातात, समोर माइक. आता खरं बोलावं तर दाजींची इज्जत जाते, नानांचा तो एक शब्दही जातो. घाम पुसत मी म्हणालो, "हे केवळ दाजींमुळे शक्य झालं!"

एवढं खरं भाषण त्या स्टँडवर आजवर कुणी केलं नसेल. टाळ्या थांबेनात. दाजी उपरण्यानं डोळे पुसत होते.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. नानांचा शब्द मी फुकटात घेतला होता. तो खरा करायचा तर मुंबईत एकवीसच्या एकवीस किलोमीटर माझ्याच पायांनी व्हायला हवे होते. रस्ता सोडला आणि रोज पहाटे शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारू लागलो. तिथं कुणी बसा म्हणत नव्हतं.

मुंबईला अर्थातच दाजी सोबत आले. "पाव्हण्याला एकट्याला कसं सोडायचं?" अक्कानं दिलेली धपाट्यांची पिशवी घेऊन ते शेवटच्या तीन किलोमीटरच्या खुणेपाशी उभे राहणार होते.

आणि सुरुवातीच्या रेषेवर मी जे पाहिलं, ते व्हिडिओत मावलेलं नव्हतं. नजर पोहोचेल तिथपर्यंत माणसं! दोरीचं एक टोक धरून पळणारा आंधळा तरुण आणि दुसरं टोक धरलेला त्याचा मित्र. नातीचं बोट धरून आलेले आजोबा. समुद्रावर उजाडलं तेव्हा सगळ्यांच्या पावलांचा मिळून एकच आवाज येत होता आणि माझ्या अंगावर काटा आला. फुटपाथवरची अनोळखी माणसं छातीवरच्या कागदावरचं नाव वाचून माझ्या नावानं ओरडत होती. एका बाईंनी तर संत्र्याची फोड सोलून थेट तोंडात घातली. म्हटलं, ही माणसं आमच्या औशाचीच दिसतायत!

अठराव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला. असा की मी रस्त्याच्या कडेला बसलोच. नेमकी दाजींची जागा तीच होती. ते फुटपाथच्या कठड्यावरून वाकले.

"पाव्हणं, काय झालं? तुमच्यासाठी एकवीस म्हणजे काय हाय!"

मग मला राहवलं नाही. म्हणालो, "दाजी, मी एकवीस कधी पळालोच नाही. त्या दिवशी घड्याळानं तुमची जीप मोजली. ते एक मिनिट तुमचं होतं."

दाजींचा चेहरा पडला. मला फेटा दिसू लागला. एवढ्यात मागून एक बस हळूहळू येऊन थांबली. थकून मागं राहिलेल्यांना उचलणारी बस ती. दारातून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, बसा ना. बास झालं आता."

इतकी सुंदर बस मी आयुष्यात पाहिली नव्हती. खिडकीपाशी एक जागा रिकामी होती! मी हात टेकून उठलो, तोच दाजी गरजले, "ते बसणार न्हाईत!"

"काका, त्यांना त्रास होतोय."

"होऊ दे! एकदा म्या बसविलं त्यांला. चूक झाली माझी. गाडी पुढं घ्या तुमची!"

बस गेली. दाजींनी चप्पल काढून काखेत मारली, धपाट्यांची पिशवी खांद्याला अडकवली. बावन्न वर्षांचा तो पोट सुटलेला माणूस, ज्यानं जन्मात कुणाला पायी जाऊ दिलं नाही, तो फुटपाथवरून माझ्या शेजारी अनवाणी पळू लागला. "चला पाव्हणं! लंगडत चला, पण चला!" स्वयंसेवक ओरडले, "काका, बाहेर व्हा!" दाजी ओरडले, "बाहेरच हाय की म्या!" तीन किलोमीटर ते थांबले नाहीत. रस्त्यातल्या कुठल्याही पदकवाल्याकडं मी एवढ्या आदरानं पाहिलं नाही. शेवटची रेषा मी रडत ओलांडली. (फोटोत ते हसू वाटतं.)

पदक गळ्यात पडताच नानांना फोन लावला.

"किती वेळ लागला?"

"तीन तास वीस मिनिटं."

"मागल्या बारीला लई कमी लागला होता."

"नाना, मागच्या वेळी मी दाजींच्या जीपमध्ये बसलो होतो."

"ठावं हाय. मागं सरकलेल्या एका म्हातारीनं त्याच दिवशी येऊन सांगितलं."

"मग तुम्ही बरं केलंस का म्हणालात?"

"जावयाला न्हाई म्हणला न्हाईस, म्हणून म्हणलो."

मग नानांनीच विचारलं, "आज कोणी बसा म्हणलं का न्हाई?"

"म्हणालं. नाही बसलो."

"ते बी बरं केलंस."

मंगळवारी औशात शाळेला निघालो. पाय असे आखडले होते की स्कूटरवर टांग टाकता येईना. म्हटलं, हरकत नाही, आपल्या गावात कोण पायी जाऊ देतंय! रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. किसनराव आले. मी हात केला. त्यांनी गाडी हळू केली, हात जोडले, "न्हाई सर! बसा म्हणून पाप न्हाई करणार आता!" आणि गेले. ट्रॅक्टरवाल्यानं सलाम ठोकला आणि गेला. मग तो ओळखीचा हॉर्न ऐकू आला. मी जवळजवळ रस्त्यात आडवा झालो. दाजींनी जीप बाजूनं काढली आणि आतल्या चौदा माणसांना अभिमानानं म्हणाले, "हेच आमचं पाव्हणं! कितीबी बसा म्हणा, गाडीत बसायचे न्हाईत!"

घरापासून शाळा दीड किलोमीटर. त्या दिवशी मला एक्कावन्न मिनिटं लागली. घड्याळात नोंद आहे, ग्रुपवर मात्र टाकलेली नाही. पण हा विक्रम पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत माझा एकट्याचा आहे!