देवराव टेलरांचा साडेसोळा इंची गळा

"बाई, वजन वाढलं असतं त कंबर नसती वाढली काय?" देवरावजींनी मापांची वही माझ्यासमोर उघडी ठेवून विचारलं.

प्रश्न बरोबर होता. म्हणूनच मला राग आला.

देवरावजी सिंदीतले टेलर. आमच्या दवाखान्यापासून चार दुकानं पलीकडे त्यांची मशीन. दवाखाना माझ्या सुनेचा. ती फिजिशियन, म्हणून ती बॉस. मी नुकतीच मेडिकल कॉलेजातून रिटायर होऊन तिच्या ओपीडीत सकाळी बसायला लागले होते. तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठीची. आता सहासष्ट पूर्ण झालीत, थोडी अक्कल आली आहे.

कॉलेजात मी अ‍ॅनाटॉमी शिकवायचे. शरीरात काय कुठे असतं, ते. तीस वर्षं माझे 'पेशंट' टेबलावर निमूट पडून असायचे, अंगावर कपडा नाही, आणि उलटून प्रश्न विचारायची एकाचीही टाप नव्हती. जिवंत माणसाला शर्ट असतो, त्याला बटणं असतात आणि त्याला लाजही वाटते, हे मी पार विसरून गेले होते.

तीन आठवड्यांपूर्वी देवरावजी पहिल्यांदा आले होते. "सकाळी उठलो का तोंड सुजलेलं राह्यते. वाकून कापड बेतलं का डोकं जड होते. दमही लागते."

मी लघवी तपासली, रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं. सगळं नॉर्मल. "शर्ट काढता का?" असं मी विचारलंही होतं. त्यांनी वरचं बटण मुठीत धरलं. "बाईमाणसासमोर बरं नाई वाटत." मीही मोठ्या मनाने शर्टावरूनच स्टेथोस्कोप फिरवला आणि निकाल दिला, "देवरावजी, वजन वाढलंय. कमी खा, चाला."

आता ते वही घेऊन आले होते. पोळ्याला आणि दिवाळीला ते स्वतःसाठी एक-एक शर्ट शिवतात. त्यामुळे स्वतःचं माप गिऱ्हाइकासारखं टिपून ठेवलेलं. गळा पोळ्याला पंधरा, दिवाळीला साडेपंधरा, आणि खाली पेन्सिलीने या आठवड्याचा साडेसोळा. कंबर मात्र छत्तीसवरून चौतीस.

"टेप ढिली धरली असेल," मी म्हटलं. चाळीस वर्षं टेप धरणाऱ्या माणसाला!

"टेप खोटं नाई बोलत, बाई." एवढं म्हणताना त्यांची पेन्सिल खाली पडली. ते वाकले, पेन्सिल उचलली आणि सरळ झाले, तर चेहरा जांभळासारखा, डोळे लाल. टेबल धरून ते कसेबसे बसले.

"हेच... हेच सांगून राह्यलो मी."

माझी नजर त्यांच्या मानेवर गेली. ताठ बसलेल्या माणसाच्या मानेतल्या शिरा सहसा दिसत नाहीत. यांच्या बोटाएवढ्या फुगलेल्या.

"शर्ट काढा."

"पण बाईमाणसासमोर..."

"मी बाईमाणूस नाही, डॉक्टर आहे. तीन आठवडे उशिरा का होईना!"

शर्ट निघाला. छातीवर निळ्या शिरांचं जाळं पसरलं होतं.

सोपं करून सांगते. डोक्यातलं आणि दोन्ही हातांतलं रक्त दोन मोठ्या शिरांतून खाली येतं. छातीच्या हाडामागे, जरा उजवीकडे, त्या एकत्र होतात आणि एकच जाड शीर हृदयात उतरते. तिचं नाव ऊर्ध्व महाशिरा. लांबी जेमतेम तीन इंच, जाडी अंगठ्याएवढी, भिंत मात्र पातळ. शेजारी काही वाढलं की ती आधी दबते. मग रक्त काय करतं? आमचं रेल्वे फाटक बंद झालं की लोक करतात तेच. गल्लीबोळांतून वाट काढतं. छातीवरच्या बारीक शिरा म्हणजे ते गल्लीबोळ. म्हणून त्या फुगतात. गळाही फुगतो.

हे चित्र मी फळ्यावर डोळे मिटून काढत असे. आणि डोळे उघडे ठेवून तीन आठवडे ते मला दिसलं नव्हतं.

बॉसला हाक मारली. तिने एकदा पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"आई, छातीचा एक्स-रे?"

"नाही काढला."

"शर्ट काढून तपासलं होतं?"

"आत्ताच."

तिने स्वतःच एक्स-रेची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. सासूशी वागायची ही तिची सगळ्यात कडक पद्धत. एक्स-रेत छातीच्या मधल्या सावलीला उजवीकडे फुगवटा होता. सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "घशात सूज उतरली तर श्वास अडकेल." मग मोठ्याने, "आजच वर्ध्याला."

"आज कसं जमन?" देवरावजी म्हणाले. "तीन गिऱ्हाइकांचे कपडे द्याचे हायेत."

"ते उघडे नाही बसणार," मी म्हटलं. "चला!"

सुनेने गाडी काढली. देवरावजींना आडवं होऊ दिलं नाही, आडवं झालं की सूज वाढते. मी शेजारी बसले आणि वाटभर त्यांचे श्वास मोजत राहिले. सेलू मागे गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "बाई, वाचतो ना मी?"

"वाचाल," मी म्हटलं. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं.

मोठ्या हॉस्पिटलात सीटी झाला, सुईने तुकडा काढून तपासला. मला कॅन्सरची भीती होती. निघाल्या टीबीच्या गाठी, महाशिरेला चिकटून तिला दाबणाऱ्या. औषधं लगेच सुरू झाली आणि कित्येक महिने चालली. वहीतला गळा सोळावर आला, मग साडेपंधरावर. पुढच्या दिवाळीच्या शर्टाला पुन्हा पंधरा.

त्यानंतर नातीच्या वाढदिवसासाठी मी त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला टाकला. घालून पाहिला तर हूक लागेना. तरातरा दुकानात गेले.

"देवरावजी, माप चुकलं तुमचं!"

त्यांनी शांतपणे टेप काढली, पुन्हा माप घेतलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. महिनाभरात दीड इंच वाढ.

"टेप खोटं नाई बोलत, बाई," ते म्हणाले. "कमी खा, चाला."

ब्लाउज त्यांनी उसवून सैल करून दिला. मी चालायला जाते. आणि ओपीडीत आलेल्या माणसाला आधी शर्ट काढायला सांगते, माझी अक्कल नंतर काढते.