साडूच्या गाडीचं चाक

खरं सांगा, साडूनं चारचाकी घेतली हे ऐकलं तेव्हा तुमच्या पोटात कळ आली नव्हती? तोंडानं 'वा, छान झालं' म्हणालात, दिलेला पेढाही खाल्लात, आणि घरी येऊन बायकोवर भाजीच्या मिठावरून खेकसलात. नाही? मग तुम्ही साधुपुरुष आहात, तुमच्यासाठी हे लिहिलेलं नाही. मारोती साधुपुरुष नव्हता. ही गोष्ट त्याची आहे.

मारोती यवतमाळच्या एका कापसाच्या जिनिंगात फिटर होता. शेडच्या दारात उभा राहून सांगायचा, पलीकडच्या मशीनचं बेअरिंग रडून राह्यलं म्हणून. मग कापूस बुडाल्याची, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं आली. जिनिंगचे पट्टे आधी हंगामभर फिरायचे, मग थोडेच दिवस फिरायला लागले, आणि एका साली फाटकाला कुलूपच लागलं. मारोती घरी बसला. कोणाचा मोटारपंप, कोणाची पिठाची चक्की, झालंच तर सायकल, जे मिळेल ते उघडून बसायचा.

आणि त्याच वर्षांत आमच्या जिल्ह्यात पांढऱ्या गाड्यांचा पूर आला. मुंबईची पाहणी, दिल्लीची पाहणी, कॅमेरेवाले, अहवालवाले. शेतात काही उगवो न उगवो, पाहणीचं पीक जोरात होतं. एवढ्या साहेबांना गावोगाव हिंडवायला वाहनं लागतात. मारोतीचा साडू इंद्रजित तोवर मुकुटबनकडं दुसऱ्याची काळीपिवळी जीप चालवत होता. त्यानं कुठून तरी एक जुनी पांढरी डिझेल गाडी मिळवली आणि साहेबांच्या दिमतीला लावली. म्हणजे बघा, ज्या संकटानं एका साडूच्या हातातला पाना काढून घेतला, त्याच संकटानं दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग दिलं. आता जळू नये तर माणसानं काय करावं?

दोन हजार सातचा उन्हाळा. अधिक महिना लागलेला, म्हणजे जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचा महिना. कळंबजवळच्या खेड्यात सासरे सदाशिवराव आणि सासूबाई विमलताई यांनी दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावलं होतं. मारोती आणि त्याची बायको नलू एसटीनं फाट्यावर उतरले आणि उन्हात चालायला लागले. मागून हॉर्न वाजला. पांढरी गाडी थांबली. आत इंद्रजित, शेजारी नलूची थोरली बहीण सत्यभामा.

"या ना साडूभाऊ, बसा."

"आमी चालतो. जवळच तं आहे."

"तुमी चाला," नलू म्हणाली आणि मागचं दार उघडून बसली.

गाडी निघून गेली. धुरळ्यात उभ्या मारोतीला बायकोचा राग आला, साडूचा त्याहून जास्त आला. पण कान तर फिटरचेच. पुढच्या डाव्या चाकातून घुंई-घुंई असा आवाज येत होता. बेअरिंग गेलं. मारोतीच्या मनाला त्या आवाजानं जो गारवा दिला, तो फाट्यावरच्या रसवंतीनंसुद्धा दिला नसता.

अंगणात पोचल्या पोचल्या त्यानं जाहीर करून टाकलं, "साडूभाऊ, हे चाक तुमाले यवतमाळपर्यंत नेत नाई."

इंद्रजितचा चेहरा उतरला. "आवाज येऊन राह्यला खरा. पन उद्या सकाळीच दिल्लीचे लोकं येऊन राह्यले. माही गाडी नाई लागली तं दुसऱ्याची लागते, अन् मंग पुरा महिना त्याचीच. तुमी खोलता का?"

"खोलतो ना. त्यात काय हाय."

त्यात पुष्कळ होतं, पण मारोतीला मिरवायचं होतं. सासरे ओट्यावर बसलेले, दोन्ही बहिणी दारात. त्यानं मागच्या चाकांना धोंडे लावले, जॅक चढवला, फटाफट नट काढून चाक बाजूला ठेवलं. मग मधला मोठा नट धरला, ज्यानं चाकामागचं हब ॲक्सलला घट्ट बसलेलं असतं. पान्यावर जोर दिला तर नटाबरोबर हबही गोल फिरायला लागलं. गाडी उचलायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच हा नट ढिला करायचा असतो. जिनिंगातल्या नव्या पोरांना हे तो रागावून शिकवायचा.

"काय झालं जवाईबुवा?" सासऱ्यानं विचारलं.

"काई नाई."

चाक परत चढवलं. गाडी खाली घेतली. सत्यभामा पदराआड हसली ती मारोतीला दिसली. मग विहिरीवरच्या मोटारीचा जुना पाइप पान्याच्या दांड्यावर लांबण म्हणून चढवला आणि साडूला म्हणाला, "आत बसा अन् ब्रेक दाबून धरा."

इंद्रजित सीटवर बसला, पाय ब्रेकवर. मारोती खाली मातीत, पाइपाला लोंबकळलेला, घामानं निथळतोय.

"हाय ना दाबून?"

"हाय, हाय. तुमी लावा जोर."

वर सीटवरून आलेलं हे वाक्य मारोतीला जन्मभर विसरता येणार नव्हतं. नट कडाड आवाज करून सुटला.

पुढचं काम सरळ होतं. ब्रेकचा भाग सोडवून तारेनं वर टांगला, म्हणजे नळीला ताण नको. स्टेअरिंगचा दांडा आणि खालचा सांधा दोन्ही निमुळत्या खिळीचे. त्या खिळीच्या डोक्यावर हाणलं की आटे बसतात, म्हणून तिच्या भोवतालच्या लोखंडाला बाजूनं हातोडा द्यायचा, की खिळी आपोआप टुणकन खाली. दोन बोल्ट वरचे निघाले आणि अख्खं नकल, म्हणजे चाक वळवणारा तो जाड लोखंडी भाग, हबसकट मारोतीच्या मांडीवर आलं. पकडून ठेवलेल्या बोकडासारखं त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं.

इंद्रजित शेजाऱ्याची मोटरसायकल घेऊन नवं बेअरिंग आणायला यवतमाळला गेला. मारोतीनं हब ठोकून काढलं, आतली लॉकची कडी पकडीनं दाबून काढली, जुनं बेअरिंग बाहेर पाडलं. बांगडीएवढी कडी, एका बाजूनं उघडी. बेअरिंग जागेवर धरून ठेवते ती हीच. ही नसली तर गाडी अंगणातूनही हलवायची नाही, रस्त्यावर न्यायची तर गोष्टच सोडा.

घरातून सासऱ्याचा आवाज आला. "अवो, शेजारून थे प्लास्टिकची खुर्ची आना. इंद्रजितराव सायबायच्या संग उठते-बसते, त्यायले खाली बसवता काय?"

मारोतीनं कडी शर्टाच्या खिशात टाकली.

साडू बेअरिंग घेऊन आला तेव्हा मारोती हात पुसत म्हणाला, "बेअरिंग ठीक हाय. पन लॉकची कडी तुटली. नागपूरशिवाय नाई भेटत."

"कडी? एवढीशी कडी?"

"एवढीशीच. पन तिच्याबिगर चाक निंगून जाईल. सायबासगट."

इंद्रजित ओट्याच्या पायरीवर मटकन बसला. मोबाइल काढला, बघितला, परत खिशात ठेवला. मारोतीला वाटलं होतं, हे बघून थंड वाटेल. वाटलंही. थोडा वेळ.

जेवायच्या आधी जावयांना कपडे करायचे असतात. विमलताईंनी दोघांना एकसारखे सदरे दिले, घडीवर कुंकवाची बोटं लावून. "घाला वो आताच. त्यो तेलकट काढा." मारोतीनं शर्ट काढला. नलूनं तो धुवायला उचलला, झटकला, आणि न्हाणीच्या दगडावर काहीतरी खणकन वाजलं.

मारोती तोवर पाटावर जाऊन बसला होता. शेजारी इंद्रजित खुर्चीवर, समोर स्टुलावर ताट. नलू वाढायला आली. वाकून कानाशी म्हणाली, "कोन्या बाईची बांगडी खिशात घेऊन फिरता वो?"

मारोतीनं अंगावरच्या नव्या सदऱ्याचा खिसा चाचपला.

पुरणाचे धोंडे वाढले गेले. वर तूप घ्यायला त्यानं ताटातली वाटी उचलली, तर वाटीच्या खाली बैठकीसारखी ठेवलेली तीच कडी. घासून-पुसून लख्ख. नलू समोर उभी, हातात तुपाचं भांडं, चेहरा देवळातल्यासारखा.

पाटावरून दिसतं तेवढंच खुर्चीवरून दिसलं असतं तर बरं झालं असतं. पण वरून सगळं दिसतं. इंद्रजितनं ताटात बघितलं, मग साडूकडं बघितलं. आवाज खाली ठेवून म्हणाला, "साडूभाऊ, वाटी ठेवा खाली. तूप सांडंल."

शिव्या दिल्या असत्या तर मारोतीनं चार परत दिल्या असत्या. हे झाकून घेणं त्याला सोसलं नाही. "झाकता कायले?" तो ओरडला. "हो, मीच टाकली खिशात! सासरेबुवा, हे पाहा कडी, तुटली नाई काई नाई. पन खुर्ची कोनं मांडली थे बी सांगा ना. जवाई दोन, मंग एक वर अन् एक खाली काहून? माह्या जिनिंगाले कुलूप लागलं थे म्या लावलं काय?"

तो ताटावरून उठायला लागला. जावयानं भरल्या ताटावरून उठायचं म्हणजे त्या घरात वर्षानुवर्षं जेवण गोड लागायचं नाही. विमलताई पळी टाकून पुढं आल्या. "बसा वो बाप्पा. चूक झाली आमची. बसा."

इंद्रजितला मात्र राग आला, आणि तोही खराच आला. "मले कोनी इचारलं का, खुर्ची पायजे म्हनून? मले तं मांडी घालून जेवाचं होतं. तिकडं ड्यूटीवर उभ्यानंच खातो मी." त्यानं ताट उचललं, खुर्ची पायानं मागं सारली आणि खाली येऊन बसला. दोघंही एकमेकांकडं न बघता जेवले. बायांनी आग्रह केला नाही. कोणाची हिंमत होती?

जेवणं आटोपली तशी मारोतीनं नकल अंगणातल्या चुलीच्या निखाऱ्याशी ठेवलं. तापलं की लोखंड फुगतं, बेअरिंग सुखानं बसतं.

"अगं माय, माह्या चुलीवर गाडीचं लोखंड?" विमलताई.

"बैलगाडीच्या चाकाची धाव तापवता ना आपन," सदाशिवराव ओट्यावरून म्हणाले. "तापू दे. मारोतरावाले करू दे काम." त्याच्या नावापुढं राव पहिल्यांदाच लागलं होतं. मारोतीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण ऐकलं.

बेअरिंग बसलं, कडी टच्च आवाज करून आपल्या खाचेत गेली, नकल गाडीला चढलं. शेवटी राहिला तो मधला मोठा नट. चाक जमिनीवर, पाइप पान्यावर. मारोती नव्या सदऱ्याकडं बघून म्हणाला, "मी नाई खाली बसत. मळंल. तुमी लावा जोर, मी ब्रेक धरतो."

इंद्रजितनं सदरा काढून दाराच्या कडीला अडकवला आणि मातीत बसला. मारोती गाडीत शिरला. साडूच्या सीटवर.

पाय ब्रेकवर ठेवला आणि इकडंतिकडं बघितलं. सीटचं कापड फाटून आतला काथ्या टोचत होता. मागं घडी केलेली चादर, उशीला पोत्याचा तुकडा. पायाशी डबा, उघडा, त्यात वाळून कडक झालेल्या पोळ्या. साहेब लोक गेस्ट हाउसात झोपतात तेव्हा हा इथं झोपतो, हे कळायला मारोतीला कोणाला विचारावं लागलं नाही. बाहेर बनियनमधला साडू पाइपाला लोंबकळत होता.

"हाय ना दाबून?" खालून आवाज आला.

"हाय," मारोती म्हणाला. आणि खरंच दाबून धरला, जीव खाऊन.

घुंई-घुंई बंद झाली. संध्याकाळी इंद्रजितनं दोघांना यवतमाळपर्यंत आणून सोडलं. या वेळी मारोती पुढं बसला. जळणं गेलं म्हणाल तर गेलं नाही. साडूनं पुढं गाडीला नवा रंग दिला तेव्हा परत पोटात दुखलंच. पण साडूच्या गाडीचं कुठलंही चाक वाजलं की मारोतीलाच बोलावणं येई, आणि तो जाई.

आता मागणं तुमच्याकडं, जावयांना जेवायला बोलावणाऱ्या सगळ्या सासू-सासऱ्यांकडं. पुढचा अधिक महिना येईल तेव्हा शेजाऱ्याची खुर्ची आणायची असेल तर दोन आणा. दोन मिळत नसतील तर ती खुर्ची शेजाऱ्याच्याच घरी राहू द्या, आणि दोन पाट जवळजवळ मांडा.