तिसऱ्या गोलाला सांगायचं राहिलं

विनोद गेल्याचं मला पोलिसांच्या फोनवरून कळलं. त्याने शेवटचा फोन मला केला होता, म्हणून मला. आर्णी रोडवर, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल आदळली. एक दिवा लावायला माणसाच्या जिवावर काय येतं... हा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पुसदला माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, आणि वरच्या खोलीत विनोद. कंपनी पुण्याची, काम इथून. काय काम करतो हे त्याच्या बंजारा तांड्यावर, घरी-शेजारी, कुणालाच धड सांगता यायचं नाही. मला त्याने पांढऱ्या फळ्यावर तीन गोल काढून समजावलं होतं. आपण फोनवरून बँकेत शिरलो की कापूस खरेदीच्या रांगेत मिळतं तसं एक टोकन आपल्या नावाने निघतं. ठरलेल्या मुदतीपर्यंत चालतं, मग मरतं. ते तीन शहरांतल्या तीन मशीनवर ठेवायचं, म्हणजे एक बंद पडली तरी आपण बाहेर फेकले जात नाही. "ठेवणं सोपं हाय बे, मारणं कठीण," तो म्हणायचा. माणूस मुदतीआधीच बाहेर पडला तर टोकन नुसतं पुसून भागत नाही. मेल्याची खूण तिन्हीकडे ठेवावी लागते. खुणा साचल्या की काम मंदावतं, म्हणून काही काळाने त्याही काढतात. त्यानंतर एखादी बंद असलेली मशीन परत आली, तर ती आपल्याजवळचं जुनं टोकन बाकीच्यांना देते आणि मेलेलं पुन्हा जिवंत होतं. तिसऱ्या गोलाखाली त्याने मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. "हिले आधी सांगायचं, मंगच आत घ्यायचं."

त्याचा मोठा भाऊ गोपाळ तेव्हा ऊसतोडीला, कर्नाटकाच्या हद्दीत. त्याचा फोन फुटलेला, म्हणून निरोप टोळीच्या मुकादमाकडे दिला. "सांगतो," तो म्हणाला आणि आम्ही निरोप पोचला असंच धरलं. टोळी मधल्या काळात दोन कारखान्यांवर फुटली होती आणि गोपाळ मुकादमाजवळ नव्हताच, हे कुणाला ठाऊक? दुपार टळेपर्यंत वाट पाहिली. गोपाळ आला नाही. विनोदला अग्नी देऊन त्याचे वडील मागे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आता तोही मले मेला."

काही आठवड्यांनी गोपाळ दुकानात उभा. हातात गुळाची ढेप, चेहऱ्यावर हसू. "मी आलो म्हून विनूले आवाज देऊ नको," असं कुजबुजत तो जिना चढलासुद्धा. मी मागे धावलो. खोली रिकामी पाहून तो खुर्चीत निवांत बसला, ढेप टेबलावर ठेवली आणि फळ्याकडे बघून विचारलं, "हे काय काढून ठेवलं यानं?" मी भित्र्यासारखा मशीनचं सांगत बसलो.

"मंग त्या तिसरीले सांगते कोन?"

मग मी विनोदचं सगळं सांगितलं... तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बाले वाटलं असन, मी मुद्दाम आलो नाही."

तांड्यावर त्याला मी घराबाहेर कडुनिंबाखाली थांबवलं आणि एकटा आत गेलो. काका, म्हणजे त्यांचे वडील, खाटेवर बसले होते. याडी, त्यांची आई, चुलीपाशी होती, ती माझ्याकडे बघून उठली. "काका, गोपाळले कोणी सांगतलंच नव्हतं. त्याले आज मी सांगतलं." त्यांनी दोनदा विचारलं, कोणीच नाही?

"मंग बाहेर काहून उभं केलं त्याले?" म्हणाले, आणि खाटेवर सरकून जागा केली.

आता खोली कुणीतरी भाड्याने मागतं आहे. गुळाची ढेप टेबलावर तशीच आहे, तिला मुंग्या लागल्यात. काल कापड घेऊन वर गेलो होतो. गोलांना हात लावायचं धाडस झालं नाही. तिसऱ्याखालचं प्रश्नचिन्ह तेवढं पुसलं आणि खाली आलो.