येसूबाईला वास येईना

बुरोंडीच्या येसूबाईला शिमग्याआधी ताप भरला. आठवड्याने उतरला, पण वास घ्यायची ताकद घेऊन गेला. भात करपून कोळसा झाला तरी तिला पत्ता नाही. सासू गोदूबाई परड्यातून ओरडत आली तेव्हा कळलं. दोघी हसल्या.

हसू मावळलं ते ज्येष्ठात. तिचा नवरा भागोजी मुंबईला कौलं नेणाऱ्या गलबतावर खलाशी. पावसाळ्यात गलबत किनाऱ्यावर ओढलं की तो घरी येई. या खेपेला तो येऊन शेजारी टेकला आणि येसूबाईच्या अंगावर काटा आला. चेहरा तोच, आवाज तोच, तरी कुणी परका पुरुष खेटून बसलाय असं वाटून ती उठलीच. अंथरूण तिने सासूच्या खोलीत नेलं. दिवसभर जिवाला चैन नसे. घासलेली भांडी पुन्हा घाशी. मध्येच नवऱ्याची घामेजलेली बंडी नाकाशी धरून खोल श्वास घेई. काही नाही. नुसतं कापड.

आठ दिवसांनी भागोजीने तिला पडवीत अडवलं. "माजा काय चुकला गो?"

"तुमचा काय नाय. तुमचा वास येत नाय मला. मग तुम्ही तुम्हीच वाटत नाय," ती म्हणाली. "मला याड लागला का हो?"

भागोजी खाली बघत बोलला, "तुजा एक जुना लुगडा दर्यावर माज्या उशाला असता. ता धुऊ देत नाय मी कोणाला."

दुसऱ्याच दिवशी तो तिला भर पावसात दापोलीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. येईल कदाचित, नाहीही येणार, एवढंच ते म्हणाले.

श्रावणात एकदा लाकडं फोडून घामाघूम झालेला भागोजी पाणी प्यायला आला. तांब्या देताना येसूबाईच्या नाकात काहीतरी तिखट, आंबूस शिरलं. सासूसमोरच तिने त्याच्या खांद्यावर नाक टेकलं. "काय बाय ही थेरं!" गोदूबाईने पाठ फिरवली. वास पूर्वीचा नव्हता, त्यात जळकं काही मिसळलं होतं. पण होता त्याचाच. ती रडत राहिली.

मासळीचा, फुलांचा वास तिला पुढे कधीच आला नाही. दरवर्षी गलबतं परतायच्या सुमाराला तिचा जीव खालीवर होई: यंदा त्याचा वास येईल ना? भागोजी दारात आला की ती म्हणे, "पाणी तापलाय. पण आंघोळ मागनं. आधी हितं बसा."