विहिरीलगतचा कुणगा

जमीन कुणाच्याच मालकीची नसते. आपण चार दिवसांचे राखणदार. आधीच्यांकडून ती घ्यायची, कसदार ठेवायची आणि पुढच्यांच्या हाती देऊन निघून जायचं. हे मत मी तरुणपणापासून बाळगून आहे आणि वय वाढत गेलं तसं ते पक्कंच होत गेलं. अपवाद फक्त विहिरीलगतच्या कुणग्याचा. तो माझा व्हायला हवा होता.

कुणगा म्हणजे शेताचा लहानसा तुकडा. मालवणपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं सासर. जमीन अर्धी वाळू, अर्धा जांभा, आणि वर खारा वारा. अशा जमिनीत भात कापून झालं की दिवाळीनंतर आम्ही भाजी करायचो. तांबडा माठ, मुळा, वांगी, चवळी, मिरच्या. दोघे भाऊ, म्हणजे आमचे नवरे, मुंबईला नोकरीत, सासरे कधीचेच वारलेले. घरात उरलो तिघी: सासू, जिला आम्ही आये म्हणायचो, थोरली जाऊ, म्हणजे माझी वैनी, आणि मी.

एकोणीसशे पन्नास उलटून बरीच वर्षं झाली होती तेव्हा आमच्या चुली वेगळ्या झाल्या. भांडण असं झालं नाही. एका चुलीवर दोन सुना फार दिवस मावत नाहीत एवढंच. जमिनीच्या मध्ये दगडांचा गडगा घातला. पलीकडचं वैनीला, अलीकडचं मला. विहिरीलगतचा कुणगा मात्र आयेने स्वतःकडे ठेवला.

त्या कुणग्याचं मोल कळायला कंबर दुखावी लागते. विहीर खाली, आमचे वाफे वर. मी आणि वैनी सकाळ-संध्याकाळ कळशा भरून चढण चढायचो. चैत्रात तर पाणी वाफ्यापर्यंत पोचेस्तोवर अर्धं माझ्या लुगड्यालाच मिळायचं. कुणग्याला हा त्रास नव्हता. लाटेने, म्हणजे विहिरीवरच्या उपशाच्या लांब लाकडाने, पाणी ओढलं की ते आपणहून पाटातून त्याच्यात उतरायचं. मातीही काळी, ओल धरणारी. आणि एवढं असून आये त्यात काही लावत नसे. विचारलं की म्हणायची, "माझ्यान होना नाय आता." भुकेल्या माणसासमोर कुणी वाढलेलं ताट घेऊन नुसतं बसून राहावं, तसा तो कुणगा बसलेला असायचा.

आता वैनीविषयी. तिला लिहिता-वाचता जेमतेम यायचं. मी मालवणात शिकून फायनलची परीक्षा पास झालेली, तिथल्या वाचनालयाचं एक अख्खं कपाट संपवून लग्नाला उभी राहिलेली. पण मातीला माझं शिक्षण कुणी सांगितलं नव्हतं. वैनीच्या वाफ्यात मूठ घातली की हाताला गार, भुसभुशीत लागायचं, आणि गांडुळं अशी निघायची की जणू तिच्याकडे त्यांचंही माहेर आहे. माझ्याकडे तीच बियाणी, तेच पाणी, आणि गांडुळं पाहुण्यासारखी, येऊन जाऊन. मी वाचलेल्या पुस्तकांत मत्सर राजवाड्यांतून चालायचा, राज्यावरून, नाहीतर रूपावरून. गांडुळांवरून झुरणारी नायिका मला एकाही पुस्तकात भेटली नाही.

आमच्या मळ्याची सगळी रीत एकच होती: मातीतून जे निघालं ते मातीत परत जायला हवं. वाफा कधी उघडा ठेवायचा नाही, वर पेंढा नाहीतर पातेरा अंथरायचा. पातेरा म्हणजे झाडाखालचा वाळका पाला. चुलीतली राख, गोठ्यातलं शेण, समुद्र खवळून गेल्यावर वाळूत पडलेलं शेवाळ, सगळं वाफ्यात. किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढलं आणि खाण्यापलीकडे तारली मिळाली की ती वांग्यांच्या बुडाशी पुरायची. त्यामुळे आमच्या दोन घरांत जगात कुणाला नको असलेल्या वस्तूंसाठी जी चुरस होती, ती सोन्यासाठीही नसेल. रस्त्यावरून कुणाची गाय गेली की दोन्ही दारांतून दोघी बाहेर पडायचो आणि एकमेकींना पाहून आकाशाकडे बघायचो. मासळीवाली आधी वैनीच्या दारात टोपली उतरवायची, म्हणून मासे धुतलेलं पाणी वैनीच्या मिरच्यांना. मला त्या पाण्याचाही मत्सर वाटायचा, आणि त्याचा वास मला अजून आठवतो.

गडग्यावर एक फणस होता. त्याचा बुंधा माझ्याकडे, पण फांद्या दोन्हीकडे. एका सकाळी पाहिलं तर माझ्या बाजूची जमीन लख्ख.

"वैनी, फणसाचो पातेरो खंय गेलो?"

"वारो इलो गो. वाऱ्यान नेल्यान."

"वाऱ्यान खराटो हातात घेतल्यान काय? जमिनीर रेघो दिसतत."

"आमच्या हयलो वारो घरंदाज आसा," वैनी म्हणाली. "नेता ता झाडूनच नेता."

यावर मला उत्तर सुचलं ते संध्याकाळी, आणि तोवर तो पातेरा तिच्या वांग्यांखाली गेलेला होता.

अशात गावात ग्रामसेवक आला. सरकारने खेड्यांचा विकास करायचं ठरवलं होतं आणि त्याची सुरुवात खड्ड्यापासून होणार होती. खड्डा खणायचा, त्यात पाला, शेण, राख, माती असे थर द्यायचे, मधूनमधून खाली-वर करायचं, की त्याचं उत्तम खत होतं. आम्ही जे उघड्यावर करत होतो तेच तो खड्ड्यात करायला सांगत होता आणि त्याला कंपोस्ट म्हणत होता. वैनीने खड्डा खणला, म्हणून मी खणला. तिने पावसाळ्यात वर माडाच्या विणलेल्या झापांचं छप्पर घातलं, म्हणून मी घातलं. दोघींनी आपापल्या खड्ड्यात काय-काय पुरलं ते एकमेकींना कळू दिलं नाही, पण वासावरून अंदाज यायचा.

दिवाळीच्या सुमारास ग्रामसेवक सांगत आला की तालुक्याहून विकासाचे साहेब येणार आहेत, जीपने. गावातला एक खड्डा ते आदर्श म्हणून निवडणार, आणि आमच्या घरचे दोन्ही पाहणार.

तो जाताच मी आयेपुढे कुणग्याचा विषय काढला. वैनीही आलीच. मी म्हटलं, माझा वाफा विहिरीपासून जास्त लांब, म्हणून कुणगा मला मिळावा. वैनी म्हणाली, थोरली ती आहे, आणि पाय तिचे दुखतात. मी म्हटलं, रात्रीचं भजन असलं की बरे दुखत नाहीत ते. वैनी म्हणाली, देवाच्या वाटेक चढण नसता.

आयेने सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं. मग अडकित्ता खाली ठेवला.

"माझा डोक्या खाऊ नकात. सायब येतलो आसा मां? सायबाक जिचो खड्डो आवाडतलो, तिचो कुणगो."

न्यायनिवाडा सरकारवर सोपवून ती पुन्हा कातरायला लागली. मला हा निवाडा मान्य होता. साहेब शिकलेला असणार, आणि शिकलेल्या माणसाला खतातला फरक नाही, तरी बोलण्यातला कळतोच, असा माझा हिशेब होता.

साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी आये दोन्ही खड्ड्यांवरून फिरून आली. नाकाला पदर.

"गो, पावण्याक काय ह्यो कुसको पातेरो दाखवूचो? लोक काय म्हणतले? घाण आधी भायर काढा."

"खंय टाकू?" वैनीने विचारलं.

"टाक माझ्या कुणग्यात. रिकामोच आसा."

माझ्या मनात क्षणभर काहीतरी आलं. खत दाखवायचं असेल तर ते खड्ड्यात असायला हवं, असं काहीतरी. पण गडग्यापलीकडे वैनीने पदर खोचला होता आणि टोपल्या बाहेर निघत होत्या. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी घर झाडतात, मग विचार करतात. तिचा खड्डा स्वच्छ आणि माझा घाण, अशी तुलना साहेबासमोर होऊ देणं शक्य नव्हतं. मीही टोपली उचलली. पावसाळाभर चोरून, जपून, झाकून कुजवलेलं ते काळं धन दोघींनी शर्यत लावल्यासारखं आयेच्या कुणग्यात नेऊन ओतलं. मग वैनीने खड्डा आतून शेणाने सारवला. मीही सारवला. तिने काठावर रांगोळी काढली. मी काठावर काढली आणि आत तळाशी एक कमळ काढलं. ते तिने पाहिलं तेव्हाचा तिचा चेहरा हे त्या सगळ्या वर्षांतलं माझं एकमेव निर्भेळ सुख.

दुसऱ्या दिवशी जीप आली. तिच्यातून साहेब, त्यांचा शिपाई आणि ग्रामसेवक असे उतरले. गाव गोळा झाला. वैनीने झेंडूचा हार घातला, मी अबोलीचा. साहेबांनी भाषण लिहून आणलं होतं. माती ही आपली माता आहे, असं त्यांनी तिला न शिवता सांगितलं. आईचं ऋण फेडायचं तर तिचं तिला परत द्यायला हवं, असंही ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मग ते खड्ड्यांकडे वळले.

वैनीच्या खड्ड्यात त्यांनी वाकून पाहिलं. मग गडगा वळसा घालून माझ्याकडे आले आणि माझ्याही खड्ड्यात पाहिलं. कमळावर त्यांची नजर बराच वेळ होती.

"खत कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

वैनीने कचेरीत बोलतात तशी शुद्ध भाषा लावली. "घाण होती साहेब. कालच काढली."

"खड्डा सारवलाय?"

"दोनदा, साहेब."

"माझा तीनदा," मी म्हटलं.

ग्रामसेवकाने डोळे मिटून घेतले. शिपाई माडाकडे बघू लागला. साहेबांच्या हातात निवडीचं भाषणही लिहिलेलं होतं आणि ते कुठेतरी वाचणं भाग होतं. त्यांनी चौफेर पाहिलं. विहिरीलगत, कोवळ्या उन्हात, आयेच्या कुणग्यात दोन पावसाळी खड्ड्यांचा ढीग वाफाळत पडला होता. साहेब तिकडे गेले. रुमाल नाकाशी धरून त्यांनी काठीने ढीग उकरला. आत काळंभोर, चहाच्या चोथ्यासारखं मोकळं, आणि मध्येमध्ये तारल्यांचे खवले चमकणारे.

"हे कुणाचं?"

आये पाटाच्या कडेला उभी होती. "माझा," ती म्हणाली. "कुणगो माझो, ढीग पन माझोच."

साहेबांनी गळ्यातले दोन्ही हार काढून आयेच्या गळ्यात घातले. माझी अबोली त्यात खाली होती, वैनीचा झेंडू वर. एवढ्या वयात, एवढ्या जिद्दीने, कोणाच्याही मदतीवाचून, असं बरंच काही साहेब बोलले. आये नम्रपणे ऐकत होती. मदतीवाचून हा शब्द आला तेव्हा तिने मान किंचित अधिक खाली घातली.

जीप गेल्यावर आम्ही दोघी कुणग्यात एकाच बाजूला उभ्या राहिलो. चुली वेगळ्या झाल्यापासून ही पहिलीच वेळ.

"आये, ता खत आमचा," मी म्हटलं.

"तुमची ती घाण होती," आये म्हणाली. "सायबाक तुमीच सांगलात. माझ्या कुणग्यात पडली, तेव्हा तेचा खत झाला."

"आणि कुणगो?" वैनीने विचारलं. "कोणाक देतलंस?"

"मी खंय देतलंय? सायबान निवाडो केल्यान. जिचो आवाडलो, तिचो." हार सावरत ती घराकडे वळली. मग थांबून म्हणाली, "आता एवढा बरा खत पडला आसा, तर कायतरी लावक होया."

ज्या बाईच्याने गेली कित्येक वर्षं होना नव्हतं, तिने त्या आठवड्यात आळी केली. माठ लावला, वांगी लावली, उन्हाळ्यासाठी पडवळाचा मांडव घालून घेतला. पुढे ती हयात असेपर्यंत तो कुणगा तिचाच राहिला आणि तिच्यानंतर मुंबईकर भावांनी तो आपसांत ठेवला, हे वेगळं सांगायला नको. माझ्या आणि वैनीच्या वाफ्यांनी त्या वर्षी नुसत्या शेणावर आणि पेंढ्यावर दिवस काढले. वैनीचा माठ तरीही माझ्यापेक्षा चांगला आला. मी गडग्यावरून पाहायची. तिला विचारलं तर म्हणायची, "मातीक सवय आसा गो," जणू माती तिच्याच हाताखाली वाढलेली आणि माझी दत्तक घेतलेली.

जमीन कुणाची नसते, हे मी आयेला एकदा बोलूनही दाखवलं होतं. तिला ते पटलं. ती म्हणाली, म्हणूनच लाट ओढायला दोन्ही सुना लागतात. त्या उन्हाळ्यात कुणग्याचं पाणी आम्हीच ओढलं, एक दिवस वैनी, एक दिवस मी. पाणी आपणहून पाटातून उतरायचं, यात शंका नाही. पण विहिरीतून पाटापर्यंत ते आपणहून येत नाही, ही गोष्ट मला वरच्या वाफ्यावरून कधी दिसली नव्हती.

चैत्र संपता संपता मांडवाला पडवळं लोंबली. सरळ वाढावीत म्हणून आये त्यांच्या टोकाला दगड बांधायची. एका सकाळी तिने आम्हा दोघींना बोलावून कौतुकाने एकेक पडवळ दिलं.

वैनीचं माझ्यापेक्षा वीतभर लांब होतं.